सांगा, आवाज कुठून येतो?

परवा मुलाला गाडी घ्यायची म्हणून त्याच्यासोबत शोरूममध्ये गेलो होतो. आपल्याला गाड्यांतलं कळतं असा मुलाचा समज आहे आणि मला काहीच कळत नाही याबद्दल घरात एकमत आहे. त्यामुळे मी मुकाट्याने मागच्या सीटवर बसून होतो. विकणारी मुलगी गाडीतल्या म्युझिक सिस्टीमचं कौतुक सांगत होती. समोर पाटाएवढा पडदा, दारांवर चकचकीत जाळ्या, जाळ्यांवर कंपनीचं नाव आणि नावाखाली निळा दिवा. ती बोलत असताना माझा हात आपोआप दाराकडे गेला आणि मधल्या बोटाच्या पेराने मी टकटक केलं. मग थोडं खाली टकटक केलं. मग कान लावला.

"बाबा, काय करताय?" मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

"इथे पोकळ आहे," मी म्हणालो.

मुलाने मला कोपर मारलं. मी हात मागे घेतला, पण त्या दिवसापासून दौलतमामा डोक्यातून जायला तयार नाहीत. मामा आता या जगात नाहीत. असते तर त्यांनी त्या निळ्या दिव्याकडे पाहून काय म्हटलं असतं, ते मला शब्दन् शब्द सांगता येईल, पण छापता येणार नाही.

मी तेव्हा नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत हिशेबाच्या टेबलावर होतो. ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं आणि माझी खिडकी मागच्या गल्लीत उघडायची. गल्लीत एक पत्र्याचं शेड होतं. शेडपुढे रोज कुठली ना कुठली गाडी दारं उघडी टाकून उभी असायची आणि तिच्यातून दोन पाय बाहेर आलेले असायचे. इस्त्रीच्या पँटीतले, पॉलिश केलेल्या बुटांचे. पहिले काही दिवस मी दौलतमामांना फक्त पायांवरून ओळखत होतो.

दौलत खरात त्यांचं नाव, पण गल्लीतला चहावाला, स्टेशनवरचे रिक्षावाले, एवढंच काय आमच्या ऑफिसातले साहेबसुद्धा त्यांना मामाच म्हणायचे. गाड्यांमध्ये टेप आणि स्पीकर बसवायचा त्यांचा धंदा होता. धंदा कसला, वेड होतं. त्यांनी बसवलेली सिस्टीम कुणाला दिसता कामा नये, असा त्यांचा हट्ट होता. गाडी कंपनीतून जशी आली तशीच दिसली पाहिजे. समोर तोच कंपनीचा मरतुकडा रेडिओ, दारावर तीच प्लास्टिकची जाळी, आणि बटण दाबलं की आत बसलेल्याला वाटावं, गाणारा माणूस मांडीला मांडी लावून बसलाय.

शेडला पाटी नव्हती. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "पाटी लावली का लोक वाचून येतेत. मला ऐकून आलेले पाह्यजे."

मामा उंच, सडसडीत, आणि आपल्या दिसण्याबद्दल अतिशय दक्ष. पांढराशुभ्र, लांब बाह्यांचा शर्ट. दिवसभर गाडीत उताणं, पालथं, आडवं पडून काम करायचं आणि संध्याकाळी कॉलर सकाळइतकीच पांढरी ठेवायची, हे त्यांनाच जमे. गिऱ्हाइकाची गाडी आली की आधी तिच्या आरशात बघून केस विंचरायचे आणि मग आरसा पुन्हा होता त्याच कोनात फिरवून ठेवायचे. "आलेल्या मान्साला कळलं न्हाई पाह्यजे की आपन हात लावला," हे वर. गाडीचा एकेक स्क्रू काढून स्टीलच्या वाटीत ठेवायचे. डाव्या दाराची वाटी वेगळी, उजव्या दाराची वेगळी. गाडीची मूळ वायर त्यांनी जन्मात कापली नाही. "कापलं का रगत निघालंच म्हना," असं म्हणायचे. मूळच्या सॉकेटला सॉकेट जोडून ते आवाज पुढे न्यायचे, म्हणजे उद्या सगळं काढलं तरी गाडी जशीच्या तशी राहील.

टकटक करायची सवय त्यांचीच. आत पोकळ कुठे आहे, भरीव कुठे आहे, हे पाहायला ते दार वाजवून बघायचे. आणि मग सवय दारापुरती थोडीच राहते! कलिंगड घेताना वाजवणं समजू शकतो. मामा दिसेल ते वाजवायचे. एकदा आमच्या ऑफिसात आले, साहेबांशी बोलता बोलता टेबल वाजवलं आणि म्हणाले, "साहेब, ह्ये सागवान न्हाई. वरून चिकटवलंय." साहेब आठवडाभर त्या टेबलाकडे संशयाने बघत होते. एका घरी दुःखाच्या भेटीला गेले असताना मामांनी तिथलं कपाट वाजवलं म्हणून रमामामींनी त्यांना सगळ्यांदेखत चिमटा काढला होता. ही गोष्ट मला खुद्द मामींनीच सांगितली.

माझी आणि मामांची ओळख झाली ती खालून आलेल्या हाकेमुळे.

"ओ बियाणेवाले! जरा खाली येता का? पंच पाह्यजे!"

पंच म्हटल्यावर पंचनामा, पोलीस, कोर्टाच्या तारखा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. भीतभीत खाली गेलो. मामांनी एका मोटारीचं दार उघडून मला अदबीने आत बसवलं, एक सोडून सगळ्या काचा वर केल्या आणि तेवढ्या खिडकीतून म्हणाले, "बिलकुल घाई न्हाई. आवाज कुठून येतो, तेवढं सांगा."

आणि खिडकीतून हात घालून बटण दाबलं. मला वाटलं, गाणं लागेल. पण सुपात ज्वारी पाखडल्याचा आवाज आला. इतका जवळून, की मी पाय वर घेतले. सूप थांबलं आणि माझ्या मानेमागून एक बाई म्हणाली, "आवं, जेवायला या जल्दी, भाकर निवून राह्यली!"

मी दचकून मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. बाहेर मामा पोट धरून हसत होते.

हे त्यांचं खास रेकॉर्डिंग. मामींच्या नकळत मोबाइलवर घेतलेलं. गाणी तर कशीही गोड लागतात, त्यात स्पीकरची लबाडी खपून जाते, असं त्यांचं म्हणणं. "सूप बराबर वाजलं अन् बायकोचा आवाज वळखू आला, मंग दुनियेतलं समदं बराबर वाजतं."

मी दारं चाचपली, सीटखाली हात घातला, डॅशबोर्डाला कान लावला. आवाज सगळीकडून येत होता आणि कुठेच काही नव्हतं. शेवटी हरलो म्हणालो. मामांनी गल्लीकडे तोंड करून जाहीर केलं, "पंच हरले! गाडी पास!" चहावाल्याने टाळ्या वाजवल्या.

हा मामांचा नियम होता. काम झालं की गाडी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी रस्त्यावरचा कुणीही माणूस पंच म्हणून बसवायचा. रिक्षावाला, पोस्टमन, स्टेशनवर गाडीची वाट बघणारा पाव्हणा, कुणीही. त्याला स्पीकर सापडला तर सगळं काम उसकटायचं आणि पहिल्यापासून करायचं, मग गिऱ्हाईक कितीही म्हणो की असू द्या. एकदा मला सापडलं होतं. एका गाडीच्या खांबाच्या कापडाला ताज्या डिंकासारखा वास येत होता. मी म्हणालो, इथे. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच त्यांच्या घरात शिरून डबा उघडलाय. मग बाह्या दुमडल्या आणि स्क्रू काढायला बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली, "ओ बियाणेवाले, नाक घरी ठिवून या!"

पंच झाल्याने माझी गल्लीत पत वाढली. मी आपला आकडे मांडणारा माणूस. घरीदारी माझं मत कुणी विचारत नसे. इथे माझ्या एका शब्दावर गाडी अडत होती. खरं सांगतो, त्या दिवसांत मी मोठ्या आनंदात होतो.

मामांच्या कामाचा सगळ्यात जास्त ताप झाला तो एका शोरूमवाल्याला. गल्लीच्या तोंडाशी एक कापडाचे व्यापारी होते. त्यांनी मामांकडून नव्या गाडीत सगळं बसवून घेतलं आणि कुणाला सांगितलं मात्र नाही. व्याही, जावई, भागीदार, सगळ्यांना गाडीत बसवून ऐकवायचे आणि म्हणायचे, "कंपनीचाच आहे हो रेडिओ." झालं! ऐकलेल्यांतल्या दोघा-तिघांनी तीच गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी शोरूममध्ये भांडायला गेले. शेठजींच्या गाडीत कसं वाजतं, आमच्यातच का नाही? आम्हाला दुय्यम माल दिला. शोरूमवाल्यांनी वैतागून शेठजींची गाडी तपासायला बोलावली. मेकॅनिकने आत डोकावून पाहिलं, सगळं कंपनीचंच दिसलं. तो म्हणाला, कधी कधी एखादा पीस चांगला निघतो.

मामांना ही बातमी मी दिली. ते खुर्चीवरून उठले, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरींपुढे हात जोडले आणि मग शेडमध्येच एक गिरकी घेतली. "एखादा पीस चांगला निघतो!" हे वाक्य त्यांनी पुढे वर्षभर पुरवलं. लग्नात नवरीकडे बघून, मंडईत वांगं उचलून, माझा इस्त्रीचा शर्ट बघून, कुठेही.

स्पीकरचे मोठमोठे डबे मागणाऱ्या पोरांचं आणि त्यांचं मात्र बिलकुल जमत नसे. कुणी म्हणालं की मामा, असं बसवा की छाती हादरली पाहिजे, तर म्हणायचे, "तुला गाणं न्हाई, भूकंप पाह्यजे. कलेक्टर हाफिसात अर्ज दे." जयंतीच्या मिरवणुकीवरून त्यांचं मंडळाशी दर वर्षी वाजायचं. मंडळाला डबे हवेत, मामांना नकोत. एका वर्षी मंडळाने चिडून सांगितलं की मग तुम्हीच करा. मामांनी गाडीला चारी अंगांनी छोटे छोटे कर्णे लावले, तेही फुलांच्या माळांमागे. पोरं आधी नाराज झाली. पण गाडी वस्तीतून निघाली तेव्हा गायकाचा शब्द न् शब्द उंबऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत पोचला. एक आजी गाडीबरोबर चालत चालत आली आणि म्हणाली, "आवं, इतक्या वर्सांत पहिल्यांदा कळलं बघा गाण्यात काय हाय ते." मामा म्हणाले, "बाबासाहेब शब्दावर मोठे झाले, आजी. शब्द ऐकू नको का यायला?" त्या दिवशी त्यांच्या कॉलरवर गुलाल नव्हता, निळा रंग होता, आणि तो त्यांनी दोन दिवस तसाच ठेवला.

मग मामांची कंबर गेली.

म्हणजे गेली नाही, पण डॉक्टरांनी सांगितलं की गाडीत डोकं खाली आणि पाय बाहेर असं पडणं कायमचं बंद. मामांनी डॉक्टरांचं टेबल वाजवून बघितलं असावं, पण सल्ला मानण्यावाचून इलाज नव्हता. उठताना त्यांचा चेहरा पिळवटायचा. शेड बंद करायचं ठरलं. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण जागा शोधत होता. मामांनी त्याला सांगितलं, शनिवारी दुपारी ये आणि चावी घेऊन जा.

हे ऐकून सगळ्यात जास्त तडफडली ती सुनंदा, मामांची मुलगी. सुनंदा तिशी ओलांडलेली, दोन गल्ल्या पलीकडे सासरी नांदणारी. तिने आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं आणि एका दुकानात इन्व्हर्टर दुरुस्त करायची. मामांच्या कामातले सगळे सॉकेट, सगळी जोडणी गेली कित्येक वर्षं ती घरी बसून करून द्यायची. तिला शेड हवं होतं. तिने तोंडाने मागितलं, तर मामा नाही म्हणाले.

मी विचारलं, "का हो मामा? मुलगी म्हणून?"

"काय बोलून राह्यले तुमी?" मामा चिडले. "माझ्या पोरीसारखी सोल्डरिंग कोनी करून दाखवा ह्या जालन्यात! मीटर लावती, गाडी खोलती, समदं करती. पर लपवायचं काम येगळं हाय. त्याला डोकं जरा तिरकं लागतं. सुनी लई सरळ हाय. तिला लपवता येत न्हाई. लहानपनी पेढा खाऊन आली तरी आईला आधी सांगायची."

सुनंदा दारातच उभी होती. तिने ऐकलं आणि म्हणाली, "आप्पा, एक गाडी द्या. सापडलं तर शेडचं नाव काढनार न्हाई."

मामांनी तिला दिली ती लहूची पिकप. लहू हटकर अंबडकडचा. त्याच्या आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी शेती केली, आणि लहू मोसंबीची वाहतूक करायचा. त्याचा टेप मार्केट यार्डात रात्री चोरीला गेला होता, तोही डॅशबोर्ड फोडून. त्यामुळे त्याला असं काही हवं होतं की चोराने आत डोकावलं तर कीव येऊन निघून गेला पाहिजे. आणि आवाज मात्र हवा होता. लांबच्या पल्ल्याला त्याला ढोलावरच्या ओव्या ऐकायची आवड होती.

पण पिकपमध्ये लपवणार कुठे? मोटारीत डिकी असते, मागची सीट असते, जाड दारं असतात. पिकपला एक छोटी केबिन, एक सलग सीट, सीटमागे लगेच पत्रा, आणि दार पापडासारखं. मामांनी स्वतः आजवर पिकपला नाहीच म्हटलं होतं. त्यांनी मुद्दाम अवघड गाडी दिली, असं मला वाटलं आणि मी तसं बोललोही. ते म्हणाले, "सोपी देऊन पास केलं तर त्ये काय कामाचं?"

सुनंदाने दुकानातून रजा घेतली. दोन दिवस खिडकीतून मला पिकपबाहेर तिच्या चपला आणि साडीचा काठ तेवढा दिसत होता. मामा घरी होते. तिनेच तसं बजावलं होतं.

शुक्रवारी हाक आली. मी धावत उतरलो, पण मामांनी मला हाताने बाजूला केलं. "ह्या गाडीला पंच मी."

ते कण्हत चढले. सूप वाजलं, मामींनी जेवायला बोलावलं. आवाज छानच होता. मामांनी डोळे मिटले, तोंड किंचित उघडं ठेवलं, जसं ते नेहमी ऐकायचे. मग टकटक सुरू झाली. दार, छत, डॅशबोर्ड, पायाखाली. काही नाही. चहावाला हळूच माझ्या कानात म्हणाला, "सापडलं तरी बोलनार न्हाईत. बाप हाय शेवटी." मलाही तसंच वाटलं. मी तर काचेतून डोळ्यांनी खूणसुद्धा केली, की जाऊ द्या मामा, सोडा.

मामांनी अचानक विचारलं, "लहू, जॅक कुठंय रं?"

"सीटमागं असतो की, मामा. त्या झाकनात."

मामांनी सीट पुढे ओढली, पत्र्याजवळचं झाकण उघडलं. आत जॅक नव्हता. आत खर्जाचा स्पीकर होता, सुबक बसवलेला. जॅक सुनंदाने सीटखाली सरकवला होता.

"गाडीची एक वस्तू जागची हलवली का समदं उघडं पडलं," मामा म्हणाले. "खोल."

मला मामांचा असा राग आला की मी तिथेच म्हणालो, "मामा, पोटची पोर आहे तुमची."

"म्हनून तर. म्या पोरगी म्हनून सोडलं, तर उद्या गिऱ्हाईक बी पोरगी म्हनूनच बघंल."

सुनंदा रडेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "बाकीचं, आप्पा?"

"बाकीचं सापडलं न्हाई मला."

"मंग उद्या दुपारी परत बसा."

पैज हरली होती ना ती? नियमाने शेडचं नाव काढायचं नव्हतं. पण मामांचा दुसराही नियम होता, उसकटलेलं काम पुन्हा करायचा, आणि सुनंदाने तो धरला. मामांना नाही म्हणता आलं नाही. आपलाच नियम कसा मोडणार? सुनंदा वाटतं तितकी सरळ नाही, ही शंका मला त्याच क्षणी आली.

शनिवारी माझा त्या ऑफिसातला शेवटचा दिवस होता. अकोल्याला बदली झाली होती आणि मी टेबलाचे खण रिकामे करत होतो. दुपारी हाक आली आणि मी सगळं तसंच टाकून उतरलो. लहू गाडीपाशी अस्वस्थ उभा होता. अंबडकडे एका बागेत मोसंबीची तोडणी झालेली होती आणि माल सावलीत त्याची वाट बघत होता. सुनंदाने तो खर्जाचा स्पीकर कुठे हलवला, मला माहीत नाही. नंतर फोनवर अनेकदा विचारलं. ती हसते आणि माझ्या बायकोची तब्येत विचारते.

या वेळी लहूने त्याच्या ओव्या लावल्या. ढोल वाजला. छाती हादरवणारा नव्हता तो. माळावर, थोड्या अंतरावर, खरंच कुणीतरी ढोल घेऊन बसलंय असा होता. "माझा आजा असंच..." एवढंच लहू म्हणाला आणि टॉवेलने नाक पुसलं.

मामा शोधायला लागले. आधी झाकण उघडलं. जॅक जागेवर होता. मामा मिशीत हसले. मग दारं वाजवली, छत वाजवलं, सीट वाजवली. हसू कमी झालं. बूट काढून बाहेर ठेवले. पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. रेडिओच्या कडेवर नखं फिरवली, पायपुसणं उचललं, वास घेतला. केस विस्कटले, आणि आरसा समोर असूनही त्यांनी विंचरले नाहीत. सुनंदा शेडच्या खांबाला धरून उभी होती, आणि तिची बोटं पांढरी पडली होती.

तेवढ्यात कव्हरवाला आला. "मामा, चावी घ्यायला आल्तो."

मामांचं डोकं डॅशबोर्डाखाली होतं. तिथूनच आवाज आला, "दुकानदाराला इचार."

"दुकानदार तुमीच की हो."

मामांनी डोकं बाहेर काढलं. घामाने कॉलर पहिल्यांदाच काळी झालेली मी पाहिली. "मी पंच हाय, कामात हाय. दुकानदार ती काय, खांबापाशी उभी हाय. तिला इचार, जागा द्यायची का ते."

आणि पुन्हा डोकं आत घातलं.

कव्हरवाल्याने सुनंदाकडे पाहिलं. सुनंदाने मान हलवली, नाही. मला काय झालं कोण जाणे, मी चहावाल्याला मिठीच मारली.

"मामा, उतरा आता," लहू काकुळतीला आला. "मोसंबी सुकून राह्यली."

"तू चाल गाडी. मला सापडायचंय."

"अंबडपस्तोर?"

"तू चाल म्हनलं ना!"

लहूने आमच्याकडे बघून खांदे उडवले आणि गाडी सुरू केली. मी घाईघाईने मामांचे बूट खिडकीतून आत दिले. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सुनंदाला तेवढ्यात त्यांची कंबर आठवली. ती गाडीमागे धावत ओरडली, "आप्पा, इतकी कंबर दुखवू नका! सांगते ना मी कुठं बसवलंय! आप्पा, ऐका, त्ये..."

मामा खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आले. "सांगू नको! सुने, सांगू नको म्हनलो ना!"

गाडी अंबड रस्त्याकडे वळली, तेव्हा मामांनी दोन्ही हातांनी आपले कान घट्ट दाबून धरले होते आणि ते लहान मुलासारखे हसत होते.